डावीकडून चला

मंडळी, गेले तीन आठवडे इथे काही टंकलं नाही. रिलीज होतं, आणि रिलीजच्या काळात आठवड्याला शनिवार-रविवारही असतात हे विसरायला होतं. पण गेल्या वीकांताला हापिसातल्या चौघांबरोबर पनवेलहून खोपोलीला सायकलने गेलो आणि तेव्हापासून एक विषय डोक्यात घोळतोय. तो आज लिहून काढतो. लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

जुन्या हायवेने शेडुंग, चौक, खालापूर फाटा, खोपोली आणि अंगात जीव उरला तर वर घाटात शिंग्रोबाच्या देवळापर्यंत, असा बेत होता. आमच्यात या भागातला मी एकटाच. बाकीचे शहरी, म्हणजे हेल्मेट, लुकलुकणारा लाल दिवा, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ, सगळा जामानिमा. चौकच्या पुढे एक ट्रेलर इतक्या जवळून गेला की आमच्यातल्या एकाने पाय टेकवले आणि म्हणाला, "या रस्त्यावर जो रोज सायकल चालवत असेल ना, तो वेडाच असणार." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत शेजारून एक काळी सायकल कुरकुरत पुढे गेली. साठीचे गृहस्थ, पायात स्लीपर, कॅरिअरला दुधाच्या दोन किटल्या. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी काही बोललो नाही. माझे आजोबा याच रस्त्यावर तीसेक वर्षं रोज सायकल चालवत होते. खालापूरहून खोपोलीच्या कारखान्यात जायला सात-आठ किलोमीटर, यायला तेवढंच. पाळी बदलली की वेळ बदलायची. रात्रपाळी असली की हँडलला डायनॅमोचा दिवा. आणि त्यांच्याबरोबर त्याच कारखान्यात जाणारे आमचे शेजारी अण्णा. आजोबा १९९८ साली सुखरूप निवृत्त झाले. अण्णा २००८ साली, निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना, खोपोलीच्या अलीकडच्या एका फाट्यावर ट्रेलरच्या मागच्या चाकाखाली गेले. तेव्हा मी पाचवीत होतो.

त्या दिवसाचं मला आठवतं ते एवढंच, की अण्णांची सायकल परत आली तेव्हा तिचं पुढचं चाक अगदी सरळ होतं. घंटीसुद्धा वाजत होती. आणि मोठी माणसं ओट्यावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, "ट्रेलर वळत होता, अण्णा डावीकडून आत घुसले." पुढे भरपाईचा विषय निघाला तेव्हाही हेच वाक्य पुढे आलं आणि 'त्यांचीही चूक होतीच' म्हणून कमी पैशांवर तडजोड झाली. मीही कितीतरी वर्षं हेच धरून चाललो होतो की अण्णा घुसले.

तर आता जरा मागे जाऊ. थोडंथोडकं नव्हे, जवळजवळ दोनशे वर्षं.

१० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा रस्ता खुला केला. त्याआधी घाट होताच, पण तो माणसांचा आणि लमाणांच्या बैलांचा. १८३० पासून तो चाकांचा झाला. (घाटाची वाट साहेबाला दाखवली ती शिंग्रोबा धनगराने आणि साहेबाने त्याचं बक्षीस म्हणून त्याचा जीव घेतला, अशी दंतकथा आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. ड्रायव्हर लोक आजही देवळासमोर नाणं टाकतात.) १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली, १८५८ साली पलीकडून खंडाळा ते पुणे सुरू झाली, आणि मधला घाट मात्र पाच वर्षं लोकांनी पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीने पार केला. म्हणजे गाडीतून उतरा, घाट चढा, परत गाडीत बसा! आपण कनेक्टिंग फ्लाइट चुकली म्हणून रडतो. १८६३ साली घाटातली रेल्वे झाली आणि या रस्त्याला जरा विसावा मिळाला.

इथपर्यंत रस्त्यावरची सगळ्यात वेगवान गोष्ट घोडा होती, आणि सगळ्यात जड गोष्ट भरलेली बैलगाडी. बैलगाडीखाली माणूस येत नसेल असं नाही, पण बैल थांबतो. शिवाय गाडीवान उघड्यावर बसतो, त्याला चारी बाजू दिसतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सायकली आपल्याकडे आल्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि बराच काळ त्या साहेबाच्या आणि शेठजींच्याच होत्या. कामगाराच्या हातात सायकल खऱ्या अर्थाने आली ती स्वातंत्र्यानंतर, देशातच कारखाने निघाल्यावर. सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. (अ‍ॅटलसचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन. असले योगायोग मुद्दाम जुळवायचे म्हटले तरी जुळत नाहीत.) खोपोलीत १९१५ पासून टाटांचं वीजकेंद्र होतंच. पुढे आसपास कारखाने वाढत गेले आणि भोंगा झाला की रस्त्यावर सायकलींची रांग लागायला लागली. आजोबा सांगायचे की सकाळच्या पाळीला इतक्या सायकली असत की ट्रकच त्यांच्या मागून मुकाट यायचा.

ट्रक कुठला? टाटा-मर्सिडीज. टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझबरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली, १९६९ साली करार संपला आणि नाकावरच्या चांदणीच्या जागी टी आला. पुढे दोन चाकं, मागे चार, लाकडी फळ्यांचा हौदा. आणि ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, दारातून अर्धा बाहेर लोंबकळणारा क्लीनर. हा क्लीनर म्हणजे या गोष्टीतलं खरं महत्त्वाचं पात्र आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे ड्रायव्हरला उजवी बाजू दिसते, डावी दिसत नाही. डावी बाजू हे क्लीनरचं काम. "जाऊ द्या, जाऊ द्या" आणि दारावर थाप म्हणजे चला. दोन थापा म्हणजे थांबा. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर तो सेन्सर होता, आणि बराच बरा सेन्सर होता, कारण सायकलवाल्याला शिवी देऊन बाजूला करण्याची सोय त्यात अंगभूत होती :)

आणि सायकलवाल्यासाठी नियम काय होता? डावीकडून चला. शाळेत शिकवतात तो. रस्त्याच्या जितकं डाव्या कडेला राहता येईल तितकं राहायचं. बाकी कायद्याचं लक्ष सायकलच्या दिव्यावर आणि डबलसीटवर. शहरांतल्या नगरपालिका सायकलवर वार्षिक कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत. दिवा नसला की पोलीसमामा चाकातली हवा सोडत, हे बाबांच्या पिढीतला कुणीही हसत हसत सांगेल. ट्रकवाल्याला सायकलवाला दिसावा म्हणून सायकलवाल्याने काय करायचं याचे नियम होते. ट्रकने काय करायचं, याची फारशी चर्चा नव्हती. पण क्लीनर होता, म्हणून चालून गेलं.

आता इथून पुढे थोडं गणित. नववीतलं आहे, घाबरू नका.

गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूने जातात. किती आतून, ते पायथागोरस सांगतो. पुढचं चाक १२.५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतंय असं धरा. जुन्या ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साधारण सव्वाचार मीटर धरा. १२.५ चा वर्ग वजा ४.२५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, येतं ११.७५. म्हणजे मागचं चाक पाऊण मीटर आतून जातं. कडेने चालणारा सायकलवाला फार तर दचकतो, मातीत उतरतो, चार शिव्या देतो आणि घरी जातो.

आता ट्रेलर घ्या. पुढे ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्या चाकांमधलं अंतर ३.६ मीटर. त्यामागे चाळीस फुटी कंटेनर, त्याच्या खुंट्यापासून मागच्या चाकांपर्यंत समजा आठ मीटर. तीच त्रिज्या, तेच सूत्र, फक्त दोनदा वजाबाकी. उत्तर येतं ८.९. म्हणजे मागची चाकं ३.६ मीटर आतून जातात! काटकोनातल्या वळणाला हा आकडा थोडा कमी भरेल, कारण पूर्ण वर्तुळ होत नाही. तरीही आपल्याकडे हायवेची एक लेन साडेतीन मीटरची असते. म्हणजे ड्रायव्हर एका लेनमध्ये वळतोय आणि त्याच्या गाडीचा मागचा भाग शेजारच्या जवळजवळ अख्ख्या लेनवरून फिरतोय.

हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा पेन खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो. अण्णा कुठे घुसले नव्हते. डाव्या कडेला, नियमाप्रमाणे, जिथे असायला हवं तिथेच ते होते. ट्रेलरचं तोंड त्यांच्या पुढे निघून गेलं, आणि त्याचं मागचं अंग त्यांच्या अंगावर आलं. म्हणूनच पुढचं चाक सरळ राहिलं. जो माणूस आत घुसतो त्याचं पुढचं चाक आधी चेपतं.

पण हे ट्रेलर आले कधी? अमेरिकेत माल्कम मॅकलीनने (हा दुसरा माल्कम, आधीच्याशी संबंध नाही) २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' नावाच्या बोटीवर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या आणि कंटेनरचं युग सुरू झालं. आमच्या दारात ते आलं २६ मे १९८९ ला, न्हावा-शेवाला जेएनपीटी सुरू झालं तेव्हा. न्हावा-शेवाहून देशावर जायची एक मुख्य वाट म्हणजे बोरघाट. त्यात खोपोलीच्या आसपासचे पोलादाचे कारखाने, त्यांचे पत्र्याचे गुंडाळे वाहणारे लांब ट्रेलर, पुढे गोदामं. हे सगळं आमच्या तालुक्यात वळायला लागलं, आणि तेही गावाच्या फाट्यांवर, जे फाटे बैलगाडी वळावी एवढ्याच हिशोबाने झालेले.

म्हणजे वळणारी गाडी पाचपट आत यायला लागली आणि सायकलवाल्याचा नियम मात्र तोच राहिला. डावीकडून चला. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात तुम्हाला माहीत आहेच. खालचं हार्डवेअर बदललं, वरचा कोड कुणी उघडूनही पाहिला नाही.

मग २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पुरा झाला. सुमारे ९५ किलोमीटर, सहा लेन, काँक्रीटचा. सायकल, दुचाकी, रिक्षा, पायी माणूस, सगळ्यांना मज्जाव. माझ्या मते हा निर्णय बरोबरच होता. ऐंशी-शंभरच्या वेगाजवळ सायकल नकोच. पण त्याची दुसरी बाजू अशी की ज्यांना मनाई झाली ते सगळे जुन्या रस्त्यावर उरले, आणि ज्या ट्रकना मधल्या कारखान्यांत जायचं होतं तेही तिथेच उरले. घाटात तर आणखी मजा. आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत जुना आणि नवा रस्ता एकच होतात. दहा लेनची वाहतूक सहा लेनमध्ये. मिसिंग लिंकचं काम काढलं त्यामागे हे एक मोठं कारण. ट्रक आणि मोटारी एकमेकांपासून सुटाव्यात म्हणून डोंगर पोखरायची तयारी झाली. फाट्यावर सायकलला मीटरभर जागा वेगळी काढायला तर डोंगर पोखरावा लागत नाही.

या रस्त्यावर सायकलचा मान राहायचा तो वर्षातून एक दिवस. चाळीसच्या दशकात सुरू झालेली मुंबई-पुणे सायकल शर्यत. बाबा लहानपणी खोपोलीला रस्त्याच्या कडेला उभे राहून बघायचे. पुढे पोलिसांची गाडी, मागे वाकलेल्या पाठींचा घोळका, आणि घाटमाथा जो पहिला गाठेल तो 'घाटाचा राजा'. अण्णाही तिथे उभे असायचे म्हणे, स्वतःच्या सायकलला टेकून. शर्यत गेली की रस्ता परत ट्रकांचा.

बाहेरच्या जगात या वळणाचा विचार झालाय. लंडनमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालतात, त्यामुळे तिथलं उदाहरण जसंच्या तसं लागू पडतं. तिथे सायकलस्वारांच्या मृत्यूंत अवजड ट्रकचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फारच मोठा निघाला, आणि त्यातही डावीकडे वळणारा ट्रक हे नेहमीचं चित्र. १ सप्टेंबर २०१५ पासून शहरात येणाऱ्या ट्रकना बाजूचे गार्ड आणि जास्तीचे आरसे सक्तीचे झाले. मग त्यांना कळलं की आरसे लावून भागत नाही. २०२१ पासून केबिनमधून ड्रायव्हरला प्रत्यक्ष डोळ्यांनी किती दिसतं यावर ट्रकला तारे द्यायला लागले, आणि ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे, नाहीतर जादा उपकरणं बसवा. थोडक्यात, त्यांनी क्लीनरची जागा भरून काढली.

आपल्याकडेही बाजूचे गार्ड नियमात आहेत. हायवेला पाच मिनिटं उभे राहा आणि किती ट्रेलरना ते धड आहेत ते मोजा. मी मोजले, आकडा सांगत नाही, शास्त्रीय पाहणी नव्हती ती. शिवाय गार्ड माणसाला चाकाखाली ओढलं जाण्यापासून वाचवतो, ट्रेलरचं अंग अंगावर येण्यापासून नाही.

परत गेल्या शनिवारी. खोपोलीत मिसळ खाताना शेजारच्या बाकावर एक ट्रेलरवाले बसले होते, बीडकडचे. बोलता बोलता मी अण्णांचं नाव न घेता विचारलं, "दादा, डावीकडचा सायकलवाला दिसतो का हो तुम्हाला?" ते हसले आणि म्हणाले, "चला, दाखवतो." मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. आमच्या लाल दिवेवाल्या मित्राला सायकल घेऊन डाव्या दाराशी उभं केलं. सहा फूट उंचीचा माणूस, भडक पिवळा शर्ट. दिसला नाही. आरशातही नाही. जरा मागे सरकवला तेव्हा आरशाच्या कोपऱ्यात हेल्मेटचा तुकडा दिसला. मी विचारलं, क्लीनर?

"क्लीनर परवडत न्हाई आता सायेब. मालक म्हनतो, दोघांचा पगार कुटनं देऊ. एकटाच असतो मी. वळताना देवाचं नाव घ्यायचं."

त्यांच्यावर चिडायचं की नाही हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्याय संहितेतल्या अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेवरून ट्रकवाल्यांनी चक्का जाम केला तेव्हा मी हापिसात बसून त्यांना नावं ठेवली होती. (१ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूलाच ठेवलं गेलं.) पळून जाणं वाईटच. पण शिक्षा दहाची वीस वर्षं केली तरी त्या काचेतून दिसणार तेवढंच आहे.

त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला नेरूळला पाम बीच रोडवर अवतार सैनी गेले. इंटेल इंडियाचे माजी प्रमुख, पेंटियम प्रोसेसरच्या रचनेत मोठा वाटा असलेले. पहाटे सायकल चालवताना मागून टॅक्सीने उडवलं. आमच्या हापिसात दिवसभर दुसरा विषय नव्हता, आणि बरोबरच होतं ते, ज्यांच्या चिपवर आमची पिढी संगणक शिकली तो माणूस. पण देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात चार हजारांच्या वर सायकलवर होती, आणि त्यातले बहुतेक अण्णांसारखे कामावर निघालेले असणार. त्यांची बातमी चौथ्या पानावर दोन ओळी, नाव बऱ्याचदा चुकलेलं.

परतीच्या वाटेवर मी मित्रांना पुढे जायला सांगितलं आणि गावात वळलो. अण्णांच्या घरी काकू होत्या. कितीतरी दिवसांनी गेलो म्हणून आधी बोलणी खाल्ली. मग वहीच्या कागदावर रस्ता, फाटा, ट्रेलरची पुढची आणि मागची चाकं काढून त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ कागद बघितला.

"म्हणजे हे आत नव्हते घुसले."

"नाही काकू. ते त्यांच्या जागेवरच होते."

"मी सांगत होते सगळ्यांना. तीस वर्षं गेले त्या रस्त्याने, घुसतील कशाला?"

कागद त्यांनी ठेवून घेतला. मग आतून नातवाला हाक मारली. आठवीत आहे, सायकलने शाळेत जातो, थोडा तुकडा हायवेचाच. "याला सांग काय करायचं ते." मी सांगितलं ते एवढं. फाट्यावर लांब गाडी उभी असेल तर डावीकडून पुढे जायचं नाही, कितीही जागा दिसली तरी. गाडीच्या मागे थांबायचं. आणि आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस असं समजायचं.

त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, पण मधे थांबलं की मागचे हॉर्न वाजवतात. शिव्या देतात, कडेला हो म्हणून. तेव्हा काय करू?"

मी म्हटलं, वाजवू देत. पण तो रोज त्या रस्त्याने जातो आणि मी वर्षातून एकदा, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.